पेटीवरचे नाव

जून उजाडून मृगाचे चार थेंब पडले, की आमच्या नाशिकच्या पेठ नाक्यावर एक दृश्य दिसू लागते. एसटीची वाट पाहत एक कुटुंब उभे असते. बापाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, आईच्या कडेवर धाकटे मूल आणि दोघांच्या मध्ये सहा-सात वर्षांचे एक पोर; अंगात नवा, नाहीतर थोरल्या भावाचा जुना गणवेश. पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले असते : नाव, इयत्ता, शाळा. पेठ, सुरगाणा किंवा हरसूलची पाटी लावलेली गाडी येते, पेटी आत ढकलली जाते आणि खिडकीची जागा रिकामी असली तरी ते पोर पेटीवरच बसते. दिवाळीच्या सुटीत तीच पेटी उलट्या वाटेने घरी येते. आपण भाजीची पिशवी स्कूटरला अडकवून शेजारून जात असतो. 'आश्रमशाळेची मुले' एवढे मनाशी म्हणतो आणि पुढे निघतो.

मीही वर्षानुवर्षे असाच निघून जात असे. त्या पेटीवरचे नाव वाचायची सवय मला लागली ती नोकरीतल्या एका प्रसंगामुळे.

१९९४ साली मी पश्चिमेकडच्या घाटपट्ट्यातल्या एका छोट्या शाखेत अधिकारी होतो. पावसाळ्यात तिथे दुपारपर्यंत काउंटरवर चिटपाखरू फिरकत नसे. अशाच एका दिवशी इरले दाराशी उतरवून एक माणूस आत आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला एक चेक आणि एक पत्र त्याने माझ्यापुढे ठेवले. त्याचा मुलगा आश्रमशाळेत दुसरीत होता. तापाने गेला. त्याबद्दल मिळालेली ती मदत होती. रक्कम मला आजही आठवते. लिहिण्याजोगी नाही म्हणून लिहीत नाही.

चेक क्रॉस केलेला, म्हणजे खात्यातच जमा व्हायचा. त्याचे खाते नव्हते. खाते उघडायचे तर ओळख देणारा जुना खातेदार हवा. त्यातून चेकवरचे त्याचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव जुळत नव्हते. मी नियमावर बोट ठेवून त्याला परत पाठवले. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा तो पावसात डोंगर उतरून आला आणि चढून गेला.

तिसऱ्या खेपेला कागद जुळले. खात्री करून घ्यावी म्हणून मी ते पत्र त्याला वाचून दाखवले. मुलाचे नाव आले तसा तो थांबवून म्हणाला, "हे कोणाचं नाव, सायब?"

"तुमच्या मुलाचं."

"माझ्या पोराचं नाव हे नाही."

घरच्यांनी मुलाचे नाव ठेवले होते ते जन्माच्या वारावरून. त्या भागात ती रीतच होती. शाळेत दाखल करताना गुरुजींनी त्याला एक नेटके, क्रमिक पुस्तकात शोभेल असे नाव दिले. बापाला ते कुणी सांगितले नव्हते. दोन वर्षे हजेरीत, पेटीवर, ताटावर ते दुसरेच नाव राहिले आणि शेवटी मृत्यूच्या कागदावरही तेच आले.

पासबुक हातात देताना तो म्हणाला, "यात पोराचं नाव लिवता येईल का? घरचं?" मी म्हणालो, "नियमात बसत नाही." खरोखरच बसत नव्हते. त्याने मान हलवली, इरले उचलले आणि तो गेला. मुलाचे ते घरचे नाव मी इथे देत नाही. ते देण्याचा हक्क त्याच्या माणसांचा आहे. पण आश्रमशाळा या विषयावर मी जे काही म्हणणार आहे, त्याच्या मुळाशी ते नाव आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो.

आश्रमशाळेची कल्पना वाईट हेतूने जन्माला आली नाही, हे प्रथम मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले आणि भिल्लांच्या मुलांसाठी आश्रम काढले. पोटात अन्न नाही, दुष्काळ पाठ सोडत नाही, सावकार आणि दारूवाला दाराशी बसलेला. अशा मुलाला दोन वेळचे जेवण आणि अक्षरओळख एकाच छपराखाली द्यावी, हा साधा विचार त्यामागे होता. आपल्या नाशिकमध्ये दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली डांग सेवा मंडळ सुरू केले ते याच वाटेने. गुरुजी मुलांबरोबर राहत, मुलांबरोबर जेवत, शेतात त्यांच्याबरोबर खपत. म्हणूनच त्या शाळेला आश्रम हा शब्द शोभत होता.

योगायोग असा, की त्याच १९३७ साली नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. म्हणजे निवासी शाळा ही नाशिककरांना परकी गोष्ट नाही. शहरातले आईबाप मुलाला वसतिगृहात ठेवायचे ठरवतात तेव्हा आधी जाऊन खोली पाहतात, मेसचे जेवण चाखतात, रात्री ताप आला तर डॉक्टर कोण, हे विचारतात. फी भरतात म्हणून त्यांना विचारता येते. पेठ नाक्यावरच्या बापाला हे विचारता येत नाही. तो पेटी ठेवतो, रजिस्टरवर अंगठा उठवतो आणि मजुरीला निघून जातो.

१९७२-७३ पासून महाराष्ट्र शासनाने आश्रमशाळांची योजना स्वतः हाती घेतली आणि सेवाभावाचे काम सरकारी खात्याचे काम झाले. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्यांत शिकणारी मुले चार लाखांच्या घरात आहेत. या साऱ्या पसाऱ्याचे आयुक्तालय आपल्याच शहरात, गडकरी चौकाजवळच्या आदिवासी विकास भवनात आहे. नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांतला एक आदिवासी आहे. पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत तर दहांतले नऊ. हा विषय दूरच्या कुठल्या जंगलातला नाही. आपल्या द्राक्षबागांत छाटणीला, खुडणीला येणाऱ्या मजुरांच्या मुलांचा हा विषय आहे.

सरकारी खाते झाल्यावर शाळा वाढल्या, पण आश्रम आटला. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी अशी पदे निर्माण झाली. पदे आली तशा रिकाम्या जागाही आल्या. पुष्कळ ठिकाणी शिक्षक तालुक्याच्या गावाहून ये-जा करू लागले. संध्याकाळी पाचनंतर शे-दोनशे मुले आणि दोन-तीन मोठी माणसे, एवढाच त्या घराचा संसार उरला.

या शाळांचा विचार करताना गेल्या काही वर्षांत मला वारंवार कॅनडा आठवतो. तिथे एकोणिसाव्या शतकापासून थेट १९९० च्या दशकापर्यंत मूळनिवासी मुलांना सरकारी पैशावर आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली निवासी शाळांत ठेवले गेले. सुमारे दीड लाख मुले. कित्येकांना आईबापांपासून कायद्याच्या जोरावर तोडून नेले. त्यांचे केस कापले, नावे बदलली, स्वतःच्या भाषेत बोलले म्हणून त्यांना मारले. मुलांमधला आदिवासी पुसून टाकणे हाच त्या शाळांचा उद्देश होता, आणि तो लपवलेलाही नव्हता. २००८ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन आयोग बसला. ते स्वतः मूळनिवासी समाजातले. शाळांतून जगून बाहेर पडलेल्या हजारो माणसांनी आयोगापुढे साक्ष दिली आणि २०१५ साली अहवाल आला. २०२१ साली कॅमलूप्स इथल्या जुन्या शाळेच्या आवारात जमिनीखालच्या तपासणीत दोनशेच्या आसपास संभाव्य कबरींच्या खुणा आढळल्याची बातमी जगभर गेली. २०२२ साली पोप तिथे जाऊन माफी मागून आले. अमेरिकेच्या अध्यक्षांनीही आपल्या देशातल्या तशाच शाळांबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफी मागितली.

आपली आश्रमशाळा म्हणजे कॅनडाची शाळा नव्हे. इथे पोलीस येऊन मूल उचलून नेत नाहीत. आईबाप स्वतः नेऊन सोडतात. शाळेत जागा मिळाली नाही तर हिरमुसतात. आपल्या राज्यघटनेने आदिवासींचा हक्क मान्य केला आहे आणि या शाळांमागे तो हक्क पोहोचवण्याची इच्छा आहे. हा फरक लहान नाही, आणि जो तो विसरेल तो त्या जुन्या कार्यकर्त्यांवर अन्याय करील.

पण हेतू वेगळा असला म्हणून मुलाचा अनुभव वेगळा होतोच असे नाही. नाव तिथे हुकमाने बदलले, इथे सोयीसाठी. भाषा तिथे छडीने बंद केली, इथे वर्गात ती समजणारा कुणी नाही म्हणून बंद होते. पहिलीतल्या कोकणा किंवा भिल्ल मुलाला गुरुजींची पुस्तकी मराठी परकी वाटते. ते गप्प बसते. गप्प बसणाऱ्या मुलाला आपण 'मंद' म्हणतो. राज्यघटनेच्या ३५० (क) या कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे १९५६ पासून लिहिलेले आहे. मराठी शाळा वाचवा म्हणून आपण सभा घेतो, सह्या गोळा करतो. मीही केल्या आहेत. घाटमाथ्यावरच्या पोराच्या बोलीसाठी मात्र आपल्यातल्या कुणी सही मागितल्याचे मला आठवत नाही.

गेल्या वर्षी एका साहित्य कार्यक्रमात एक शिक्षक भेटले. वय पंचेचाळीसच्या आसपास, आश्रमशाळेत शिकून शिक्षक झालेले. मी आश्रमशाळांविषयी काहीसा कडू बोललो तेव्हा त्यांनी मला अडवले. म्हणाले, "साहेब, ती शाळा नसती तर मी आज निफाडला कुणाच्या तरी बागेत मजुरी करत असतो. तिथं मला पहिल्यांदा रोज दोन वेळा जेवण मिळालं. शाळेला नावं ठेवू नका." मी गप्प झालो. चहा संपता संपता ते आपणहून म्हणाले, "पण सुटीत घरी गेलो ना, की आईशी काय बोलायचं ते सुचायचं नाही. ती तिच्या बोलीत विचारायची, मी शाळेच्या मराठीत उत्तर द्यायचो. ती हसायची. पुढं पुढं हसायचीही नाही."

ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. आश्रमशाळेतून शिक्षक, परिचारिका, तलाठी, अधिकारी निघाले. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या योग्यच होत्या. पण जी मुले परत आली नाहीत, त्यांचा हिशेब कुणी ठेवायचा?

हिशेब हा माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचा शब्द, म्हणून तो जपून वापरतो. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न विधिमंडळात आणि उच्च न्यायालयात अनेकदा गेला. २०१६ साली राज्यपालांनी आरोग्य खात्याचे माजी महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमली. त्या सुमारास जे समोर आले ते असे, की सुमारे दीड दशकात या शाळांतली हजाराहून अधिक मुले दगावली होती. ताप, सर्पदंश, विंचूदंश, बुडणे, आणि कित्येकांच्या नावापुढे धड कारणच नाही. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघड झाले आणि काही दिवस महाराष्ट्र हळहळला. सर्पदंश ही दैवगती आहे असे कुणी म्हणेल. पण मूल जमिनीवर झोपते, खोलीत दिवा नाही, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी नाही आणि उठवायला अधीक्षक मुक्कामाला नाही. यातले दैव कोणते?

कॅनडाने पुष्कळ उशिरा का होईना, एक गोष्ट केली. मेलेल्या मुलांची नावे शोधून काढली. जुनी रजिस्टरे, चर्चचे कागद, म्हाताऱ्यांच्या आठवणी धुंडाळून चार हजारांवर नावे नोंदली, आणि ती कुणालाही वाचता येतील अशी ठेवली. आपल्याकडे आकडा आहे. नावे फायलीत आहेत. आणि त्यातली किती नावे घरची आहेत आणि किती गुरुजींनी दिलेली, हे कोण सांगणार?

पैसा खात्यात जमा झाला की जबाबदारी संपली, असे मानण्याचा मोह सरकारी यंत्रणेला फार लवकर होतो. मी बँकेत होतो, मला तो मोह आतून ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना जेवण देण्याऐवजी जेवणाचे पैसे त्यांच्या खात्यात टाकण्याचे धोरण आले. त्याविरुद्ध २०१८ च्या जुलैमध्ये मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. आम्हाला पैसे नकोत, मेस हवी, हे त्यांचे म्हणणे होते. कारण भूक वेळेवर लागते आणि पैसे वेळेवर येतातच असे नाही. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांतल्या रोजंदारी शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. माणसे बाहेरच्या कंपनीमार्फत भरू नका, ही त्यांची मागणी होती. रस्ता अडतो म्हणून त्या वेळी आपल्यातले बरेच जण वैतागले. आपल्या मुलाचा वर्गशिक्षक दर वर्षी ठेकेदार बदलून देणार असता, तर आपण काय केले असते?

मग काय, या शाळा बंद कराव्यात? मुळीच नाही. पेठ-सुरगाण्याच्या मुलीला दहावी-बारावीपर्यंत नेणारा तोच एक रस्ता आज आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की सहा वर्षांच्या मुलाला त्या रस्त्यावर उभे करू नका. चौथीपर्यंतचे मूल रात्री आपल्या माणसांत झोपले पाहिजे. ही कल्पना माझी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर हेच करून दाखवले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल, असे म्हणून त्यांनी वारल्यांच्या पाड्यात अंगणवाडी भरवली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. गुराख्याला त्याच्या गुरांपासून तोडले नाही, तर आईपासून कशाला तोडतील?

आणि इथेच आपल्या धोरणातली गाठ दिसते. एकीकडे पाड्यावरच्या कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करायच्या किंवा लांबच्या शाळेत मिळवायच्या, आणि दुसरीकडे आश्रमशाळांचा पट वाढला म्हणून पाठ थोपटायची. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी हे कुठल्याही अहवालापेक्षा स्पष्ट सांगितले. भावली धरणाने उठवलेली ही वस्ती. वस्तीवरची शाळा जाणार असे दिसताच मुले जिल्हा परिषदेवर चालून आली. आमची दप्तरे घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, असे ती म्हणाली. शाळा नाही तर निदान बकऱ्या तरी राखू.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दिवाळीनंतर आईबाप बागांवर, वीटभट्टीवर, उसावर निघून जातात. मग घरी राहून मूल खाणार काय? त्यालाही उत्तर आहे, आणि ते सरकारच्याच कागदावर आहे. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना राज्यात राबवली गेली आहे. आजी-आजोबांजवळ झोप, गावातल्या बायकांच्या हातचे जेवण आणि आपल्याच पाड्यावरची शाळा. त्याला दगडी इमारत लागत नाही. लागते ती वेळेवर आलेली रक्कम आणि पाड्यातलीच, मुलाची बोली बोलणारी एखादी शिकलेली मुलगी. अशा मुली आज पाड्यापाड्यावर आहेत. त्या आश्रमशाळांनीच शिकवल्या, हे श्रेय मी आनंदाने देतो.

पाचवीपुढची मुले आश्रमशाळेत जातीलच. तिथे रात्रीचा अधीक्षक आणि आजारपणात धावणारी परिचारिका ही पदे एक दिवसही रिकामी राहू नयेत. आणि मूल दगावले तर त्याची चौकशी खात्यातल्या खात्यात मिटू नये. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मान दिला आहे. त्या गावच्या ग्रामसभेत, त्या मुलाच्या आईसमोर, काय झाले ते अधिकाऱ्याने उभे राहून सांगावे. आईला समजेल अशा भाषेत सांगावे.

शेवटची मागणी छोटी आहे आणि तिला फारसा खर्च नाही. आयुक्तालय आपल्या शहरात आहे म्हणून ती मी नाशिककर म्हणून करतो. १९७२ पासून आश्रमशाळांत मृत्यू पावलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वय आणि कारण यांची यादी करावी, आणि ती कुणालाही वाचता येईल अशी ठेवावी. नावे दाखल्यावरून उतरवून घेऊन काम संपवू नये. त्यासाठी कुणीतरी पाड्यावर जावे, घरच्यांजवळ बसावे आणि विचारावे, की तुम्ही त्याला काय म्हणत होता.

तो १९९४ चा बाप आज असेल की नाही, मला माहीत नाही. पण त्याच्या घरात कुणाला तरी ते वाराचे नाव नक्की आठवत असेल. त्यांना विचारायला जाणारा माणूस तिथवर पोहोचेल तेव्हा त्याने एवढे मात्र म्हणू नये, की हे नियमात बसत नाही.